द्राक्षमण्यांचं सरबत दुसऱ्या दिवशी फसफसलं, माझं काय चुकलं?

गोदाकाठची_स्वाती
नमस्कार मंडळी. मी नाशिकलाच असते, इंदिरानगरला. माझे मोठे मामा निफाडकडे, त्यांची द्राक्षबाग आहे आणि दरवर्षी शेवटचा माल निघाला की ते क्रेटभर मणी पाठवतात. बाहेरगावच्यांसाठी सांगते, घड साफ करताना जे सुटे मणी गळतात ते, चव तीच पण घडाला नाहीत म्हणून पेटीत जात नाहीत. ह्या वर्षी दोन क्रेट आले, एक हिरवे थॉमसन आणि एक काळे, मामा म्हणाले शरद आहेत. सगळे मिळून सोळा-सतरा किलो तरी असतील. शेजारीपाजारी वाटले, मुलांनी येताजाता मूठमूठ खाल्ले, तरी दहा-बारा किलो उरलेत आणि नाशिकचं ऊन तुम्हाला माहितीये, चाळिशी पार आहे, घरात सुद्धा मणी एका दिवसात मऊ पडायला लागतात.

म्हटलं सरबत करून ठेवावं, उन्हाळाभर पुरेल. काय केलं ते सगळं लिहिते म्हणजे चूक सापडेल. मणी धुतले, मिक्सरला साखर घालून मस्त फिरवले, चहाच्या गाळणीने गाळलं आणि कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या रिकाम्या बाटल्यांत भरलं. हिरव्यांचा रस गाळता गाळताच रंग बदलायला लागला, अर्ध्या तासात चहासारखा तपकिरी, वर दोन बोटं फेस. चव आधी गोड आणि मागून जिभेला ओढल्यासारखी तुरट. एक बाटली फ्रीजमध्ये बसली, दोन ओट्यावरच राहिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर ओट्यावरच्या बाटल्या फुगून टम्म, बुड गोल झालेलं, हलवली की डुलतीये. झाकण जरा सैल केलं आणि रस थेट वरच्या कपाटापर्यंत उडाला. वास आंबूस. दोन्ही ओतून दिल्या, चार लिटर.

फ्रीजमधलं बरं असेल म्हणून सासऱ्यांना दिलं, ते दुपारी दीडला बँकेतून चालत आले होते, चौऱ्याहत्तर वय. त्यांनी एक घोट घेतला आणि ग्लास हळूच खाली ठेवला, म्हणाले राहू दे, पाणीच दे. मला फार वाईट वाटलं हो. मामा पहाटे चारला उठून पाणी भरतात त्या बागेला, गारपिटीच्या रात्री जागून काढतात, आणि त्यांचा माल माझ्याकडून मोरीत जातोय.

तर सांगा, तुरट का होतं, तपकिरी का होतं, किती दिवस टिकवता येतं, आणि उन्हातून आलेल्या माणसाला प्यावंसं वाटेल असं पातळ, गार, हलकं कसं करायचं. औषध फवारणीचं पण मनात येतं, धुवायचे कसे तेही सांगा. बाकीचे मणी आज रात्रीपर्यंतच तग धरतील असं वाटतंय.


वाळ्याचा_माठ
स्वाती बाळ, आधी मिक्सर बाजूला ठेव. सगळी गोम तिथेच आहे.

मी पंचवटीत राहते, लग्न होऊन आले तेव्हा बाजारात बियांचीच द्राक्षं जास्त असायची, भोकरी, काळी साहेबी, असली. सासूबाई रस करायच्या तेव्हा मिक्सर घरात नव्हताच, त्या हाताने मणी चुरायच्या आणि सांगायच्या की बी फुटू द्यायची नाही, बी फुटली की रस गेला. आता बी नाही पण साल आहे ना, आणि देठाचे बारीक तुकडे मण्याला चिकटून असतात, ते मिक्सरच्या पात्याखाली गेले की सगळा तुरटपणा रसात उतरतो. जिभेला ओढ बसते म्हणालीस ते त्याचंच. म्हणून पहिलं काम बसून देठ काढ. मुलांना सोबत घे, दहा किलोला तास-दीड तास लागेल पण ह्याला पर्याय नाही.

मग मोठं स्टीलचं पातेलं घे. पितळेचं असेल आणि कल्हई उडाली असेल तर अजिबात नको, आपल्या नाशिकची भांडी म्हणून प्रेमापोटी लोक आंबट वस्तू त्यात करतात आणि ती कळकते. अल्युमिनियम पण नको. किलोभर मण्यांना अर्धी वाटी पाणी, बुडाला लागू नये इतकंच. मंद गॅसवर ठेव आणि तिथून हलू नकोस. पाच-सात मिनिटांत मणी आधी चमकतात, मग एकेक साल तडकायला लागते, बारीक टिक टिक ऐकू येतं. काळे असतील तर त्या तडकलेल्या जागेतून रंग असा धाग्यासारखा बाहेर येतो, आधी पाणी गुलाबी, मग जांभळं, आणि मणी मात्र आतून फिकट हिरवट पडतात. हे बघायला मला अजून आवडतं. उकळी येऊ द्यायची नाही. कडेने बुडबुडे आले, वाफ हाताला लागली की लाकडी डावाने हलकेच दाब, ठेचायचं नाही. दहा मिनिटं तसंच ठेव, मग गॅस बंद, झाकण घालून पार निवू दे.

निवल्यावर धुतलेलं जुनं मलमलचं फडकं किंवा मऊ पंचा चाळणीवर टाक, त्यात ओत आणि चारी टोकं बांधून नळाला किंवा कपाटाच्या कडीला टांगून ठेव, खाली पातेलं. रात्रभर आपोआप गळतं, रात्री सुद्धा उकाडा असेल तर तीन-चार तासांतच काढून फ्रीजमध्ये घाल. पिळायचा मोह होतो, शेवटी हलका दाब दे पण मुरगळून पिळू नकोस, पिळलं की गाळ आणि तुरटपणा दोन्ही येतात. किलोला सहाशे-सातशे मिली रस सुटतो.

आता साखर. एक कणही घालू नकोस. एप्रिलातल्या द्राक्षात स्वतःचीच एवढी साखर असते की वर साखर घातली की ते सरबत न राहता पाक होतो, आणि पाकाने तहान भागत नाही, वाढते. तुझ्या सासऱ्यांनी ग्लास ठेवला त्यात चवीइतकाच तो दाटपणा पण असणार. ग्लासात अर्धा रस, अर्धं माठातलं पाणी, अर्ध्या लिंबाचा रस, दोन चिमटी पादेलोण, भाजलेल्या जिऱ्याची पूड अगदी नखभर. पुदिन्याची दोन पानं तळहातावर टाळी वाजवून टाक, चुरडू नकोस. मी माठात वाळ्याची जुडी टाकून ठेवते, त्या पाण्याने तर त्याला वेगळाच वास येतो. बर्फ शक्यतो नको, उन्हातून आलेल्या वयस्कर माणसाला माठाचंच गार पुरतं आणि ते घशाला सोसतं.

मिठाला घाबरू नकोस. घामाने मीठच गेलेलं असतं अंगातून.


मंद्या_सिडको
काकू एक नंबर लिहिलंय. माझी फक्त एक भर, रस झाला की बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून गोठवा आणि गोठले की क्यूब काढून झिपवाल्या पिशवीत भरा. मी फ्लॅटवर एकटा राहतो, रात्री शिफ्टवरून आलो की चार क्यूब, लिंबू, मीठ, पाणी, दोन मिनिटांत ग्लास तयार. पार दिवाळीला सुद्धा द्राक्षाचं सरबत पाजलंय मित्रांना. जागा नसेल फ्रीजरमध्ये तर नुसते धुवून पुसलेले आख्खे मणी पण गोठवता येतात, तेच बर्फाऐवजी ग्लासात टाकायचे, सरबत पातळ होत नाही. फक्त लहान पोरांना आख्खे गोठलेले मणी देऊ नका, घशात अडकतात, कापून द्या.


मुरंबा_ते_स्क्वॅश
स्वातीताई मी फळप्रक्रियेचा कोर्स केलाय आणि गेली काही वर्षं घरूनच सिरप, मुरंबे करून विकते, तर तुमच्या प्रत्येक गोष्टीचं कारण सांगते म्हणजे पुढच्या वेळी स्वतःच ओळखता येईल.

तपकिरी होणं म्हणजे सफरचंद कापून ठेवलं की जे होतं तेच. द्राक्षात एक एन्झाइम असतं, साल आणि गर फाटले आणि हवा लागली की ते कामाला लागतं, आणि मिक्सरमध्ये तर तुम्ही हवा कोंबूनच भरता, तो दोन बोटं फेस म्हणजे हवाच. काकूंनी सांगितलेल्या मंद आचेने ते एन्झाइम मरतं म्हणून रंग थांबतो. हिरव्या मण्यांना अजून एक करा, गॅसवर ठेवायच्या आधीच किलोला एका लिंबाचा रस घाला. तरी तो हिरवागार राहणार नाही, फिकट सोनेरी होईल आणि तोच त्याचा खरा रंग. मला विचाराल तर हिरवे आणि काळे एकत्रच करा, थॉमसनची गोडी आणि शरदचा रंग, दोन भाग हिरवे एक भाग काळे.

फसफसलं कशाने तर द्राक्षाच्या सालीवर आणि बागेतल्या हवेत यीस्ट असतंच, गोड रस आणि ओट्यावरची ३५-३८ डिग्री हे त्याला पाहिजेच असतं. ते साखर खाऊन अल्कोहोल आणि गॅस तयार करतं. गॅसला जायला वाट नाही म्हणून बाटली फुगली. प्लास्टिकची होती म्हणून नुसती फुगली, काचेची घट्ट बुचाची असती तर फुटली असती आणि काचा लागल्या असत्या, त्यामुळे हे कृपा करून लक्षात ठेवा, कच्चा रस घट्ट बंद करून बाहेर कधीच ठेवायचा नाही. आणि आंबूस झालेला रस उकळून वापरू असंही कोणी करू नका, ओतलात ते बरोबर केलंत.

टिकण्याचा हिशोब असा. कच्चा रस फ्रीजमध्ये एक दिवस, त्याच दिवशी संपवलेला बरा. गरम करून गाळलेला, उकळत्या पाण्यातून काढलेल्या कोरड्या बाटलीत भरलेला, फ्रीजमध्ये पाच-सहा दिवस. फ्रीजरमध्ये सहा महिने सहज. बाहेर ठेवायचा असेल तर मात्र तो रस राहत नाही, स्क्वॅश करावा लागतो, आणि स्क्वॅशला नियमाने कमीत कमी २५ टक्के फळाचा रस आणि ४० टक्के विद्राव्य घन पदार्थ लागतात, म्हणजे मुख्यतः साखरच. मी एक लिटर रसाला सव्वा किलोला थोडी कमी साखर, पाऊण लिटरच्या आसपास पाणी आणि २५-३० ग्रॅम सायट्रिक ॲसिड घेते, साखर-पाण्याचा पाक आधी करून गाळून थंड करायचा आणि मग रस मिसळायचा.

आता महत्त्वाचं. स्क्वॅश टिकावा म्हणून बाजारात केएमएस मिळतं, पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, लोक सगळ्यालाच तेच टाकतात. काळ्या द्राक्षाला ते चालत नाही. त्यातला सल्फर डायऑक्साइड रंग उडवतो, पहिल्या वर्षी मी स्वतः बारा बाटल्या काळ्या द्राक्षाच्या केल्या आणि सकाळी बघते तर सगळा जांभळा रंग जाऊन मातकट गुलाबी पाणी उरलेलं. रडायला आलं होतं. काळी द्राक्षं, जांभूळ, कोकम, डाळिंब ह्यांना सोडियम बेंझोएट, आणि वर सांगितलेल्या मापाला, म्हणजे साधारण तीन किलो तयार स्क्वॅशला, पावणेदोन ग्रॅम. चमच्याने अंदाजपंचे नाही, ग्रॅमचा काटा असेल तरच. हिरव्यांना केएमएस चालतं पण घरात कोणाला दमा असेल तर तेही नको, सल्फाइटने धाप लागू शकते.

पण खरं सांगू का, घरच्यापुरतं करायचंय तर ह्या कशात पडू नका. रस गरम करा, गाळा, मंद्यादादा म्हणतात तसा गोठवा. तुमच्या घरी फ्रीजर आहे, तोच तुमचा प्रिझर्वेटिव्ह.

आणि आंबटपणा मारायला खायचा सोडा टाकू नका. माझ्या जावेने चिमूटभर टाकला होता, माझ्यासमोर तो सुंदर जांभळा रस क्षणात शाईसारखा निळसर करडा झाला. मी घाबरून लिंबू पिळलं तर परत गुलाबी. सालीतला रंग आंबटात लाल आणि सोड्यात निळा, असाच असतो तो. रंग परत आला पण चव साबणासारखी झाली ती झालीच.


कादवाकाठचा
राम राम. मी दिंडोरी तालुक्यातला, घरची बाग आहे, वडील असल्यापासून. स्वातीताईंनी मामांबद्दल लिहिलं ते वाचून बरं वाटलं, शहरात गेलेल्या भाचीला एवढी कळकळ आहे म्हणजे मामा नशीबवान.

फवारणीचं आधी सांगतो. मण्यावर जी पांढुरकी पावडर दिसते, बोटाने पुसली की जाते आणि खालून मणी चकचकीत होतो, ते औषध नाही. ती फळाची स्वतःची मेणाची लव आहे, झाडानेच दिलेली, ती असलेला माल ताजा समजायचा. लोक मार्केटला ती बघून पेटी खाली ठेवतात तेव्हा आमचा जीव तुटतो. ह्याउलट निळसर हिरवट ठिपके सुकलेले दिसले तर ते बोर्डो, मोरचूद आणि चुन्याचं, ते धुवून काढायचं. प्रत्येक औषधाला काढणीआधी किती दिवस थांबायचं ते ठरलेलं असतं आणि एक्स्पोर्टच्या बागेत ते पाळावंच लागतं, २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षात क्लोरमेक्वाटचे, म्हणजे वेलीची वाढ आवरायच्या औषधाचे, अंश सापडले आणि कंटेनर अडकले, त्या वर्षी काय अवस्था झाली ते ह्या भागातल्या कोणालाही विचारा. तेव्हापासून माणसं फार जपून आहेत. सुटे मणी त्याच घडांचे असतात, वेगळ्या बागेचे नसतात. मामांना एकदा शेवटची फवारणी कधी होती एवढं विचारा, ते सरळ सांगतील.

धुवायचं असं, मोठ्या टबात पाणी, त्यात मूठभर मीठ, मणी दहा-पंधरा मिनिटं बुडवून हाताने हलवायचे आणि मग नळाखाली दोनदा. टबातच धुवून टबातच ठेवू नका, जे निघालं ते परत लागतं. आणि जेवढे लगेच करायचेत तेवढेच धुवा, ओले मणी ठेवले की रात्रीत बुरशी.

निवडताना तडकलेले मणी वेगळे काढा. अवकाळीचा पाऊस झाला की मणी पाणी पितो आणि साल फाटते, त्या फटीत आंबवण लगेच सुरू होतं, वीस चांगल्या मण्यांत एक तसा गेला तरी सगळा रस लवकर जातो. नुसता मऊ पडलेला चालेल, वास घेऊन बघा, दारूसारखा वास आला की फेका. आणि आंबट मणी पिकतील म्हणून ठेवू नका, द्राक्ष आंब्यासारखं आढीत पिकत नाही, वेलीवरून उतरलं तेव्हा जेवढं गोड तेवढंच. आंबट निघाले तर रसात घाला, लिंबू कमी लागेल.

काळ्या रंगाचं काकूंनी लिहिलं तसं, शरदचा रंग फक्त सालीत असतो, गर पांढराच, म्हणून गरम केल्याशिवाय उतरत नाही. पुण्याजवळ मांजरीला द्राक्ष संशोधन केंद्र आहे, त्यांनी रसासाठीच मांजरी मेडिका म्हणून एक जात काढलीये, तिचा गर सुद्धा रंगीत असतो. कोणी ओळखीचा लावत असेल तर किलोभर आणून बघा, नुसती हाताने चुरली तरी हात रंगतात.

आता एप्रिल संपत आला, आमच्याकडे खरड छाटण्या, म्हणजे माल निघाल्यावर वेल मागे कापतात त्या, चालू झाल्यात. हा शेवटचा माल आहे. जपून वापरा एवढंच सांगणं.


केवडा_पिवळा
सगळं वाचून तोंडाला पाणी सुटलं पण एक सांगायलाच हवं, माझ्या आईला शुगर आहे. द्राक्षाचा निव्वळ रस म्हणजे दोनशे मिलीच्या ग्लासात ३० ग्रॅमच्या आसपास साखर, बाहेरून काही न घालता. अर्धं पाणी घातलं तरी पंधरा. स्वाती, सासऱ्यांना डायबिटीस असेल तर आधी डॉक्टरांना विचार. आम्ही आईला लिंबूपाणी मीठ-जिरं घालून किंवा ताक देतो, नाहीतर कैरीचं पन्हं गूळ न घालता, कैरी उकडून गर, सैंधव, जिरं, हिंगाचा कणभर, आंबटढाण लागतं पण तिला तेच आवडतं.

आणि कोणाला खरंच ऊन लागलं असेल, चक्कर, उलटी, मळमळ, तर सरबताच्या भरवशावर राहू नका. ओआरएसचं पाकीट नाहीतर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, घोट घोट. अंग तापलेलं असेल, बोलणं असंबद्ध झालं असेल तर घरी काही पाजत न बसता आधी दवाखाना. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या वॉचमनदादांना आम्ही पाऊण तास सरबतं पाजत बसलो होतो, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. वाचले ते, पण तो पाऊण तास घालवायला नको होता.


गोदाकाठची_स्वाती
सगळ्यांचे किती आभार मानू. सासऱ्यांना शुगर नाहीये, बीपीची गोळी आहे फक्त, त्यामुळे मीठ बेताचंच घालते, डॉक्टरांनी तसंच सांगितलंय. केवडा, तुम्ही आठवण केलीत ते बरं झालं.

परवा रात्रीच बसलो. नवरा, मुलं, मी, हॉलमध्ये चादर पसरून देठ काढले, पावणेदोन तास लागले. तडकलेले निवडले तर तेच दोन-अडीच किलो निघाले, ते बाजूला केले. मग सांगितलं तसं दोन भाग हिरवे एक भाग काळे, दोन घाण्यांत. काकू, ती टिक टिक खरंच ऐकू आली! धाकटीने कान लावून ऐकली. रंग असा सुटत गेला की ती गॅसपाशीच स्टूल टाकून बसली. पंचा टांगायला कपाटाची कडी पुरली नाही म्हणून खिडकीच्या गजाला बांधला. पाच लिटरला थोडा कमी रस निघाला, चार ट्रे गोठवले, तीन बाटल्या फ्रीजमध्ये.

काल सासरे दुपारी आले तेव्हा काही न बोलता ग्लास पुढे केला. माठाचं पाणी, लिंबू, पादेलोण अगदी कणभर. त्यांनी अर्धा ग्लास एका दमात संपवला, मग जरा थांबून विचारलं, हे कालच्याच द्राक्षांचं का. हो म्हटलं. मग उरलेला सावकाश प्याले, आणि ग्लास स्वतः नेऊन ओट्यावर ठेवला.

आता एक शंका. आज फ्रीजमधल्या बाटलीच्या तळाशी बारीक खडे दिसतायत, काचेच्या कणांसारखे, चमकतात. साखर तर मी घातलेलीच नाही. बाटली काचेची आहे म्हणून भीती वाटली, आतून टवका उडालाय का बघितलं, नाहीये. टाकून देऊ का?


मुरंबा_ते_स्क्वॅश
अजिबात टाकू नका! द्राक्षात टार्टारिक ॲसिड असतं, रस गार झाला की त्याचं पोटॅशियमबरोबरचं क्षार विरघळलेलं राहत नाही आणि खडे होऊन खाली बसतं. केकवाले क्रीम ऑफ टार्टर वापरतात ना, ते हेच, वाइनच्या पिंपांत धरतं ते खरवडून साफ करून करतात. खायला काही अपाय नाही, फक्त दातांखाली कचकच लागते. दोन कण बोटावर घेऊन जिभेला लावा, आंबट लागले आणि हळूहळू विरघळले तर शंका मिटली, पण लावण्याआधी बोटांत चोळून बघा, काच टोचते, हे वाळूसारखे चुरतात. बाटली न हलवता वरचा रस दुसऱ्या बाटलीत ओतून घ्या आणि तळचं अर्धी वाटी सोडून द्या.

पुढच्या वेळी रस दोन दिवस आधी फ्रीजमध्ये उभा ठेवून मग गाळलात तर बाटलीत खडे येणार नाहीत. मोठ्या प्रमाणावर करणारे पण रस आधी गार करून निवळून घेतात, त्याच कारणाने.


वाळ्याचा_माठ
आमच्याकडे त्याला रसाची वाळू म्हणायचो, कारण आज कळलं.

स्वाती, त्या गाळून उरलेल्या चोथ्याचं काय केलंस? फेकला नसशील तर त्यात थोडा गूळ, आलं, तिखट, मीठ घालून आटव, पोळीबरोबर चटणीसारखा लागतो, आठवडाभर जातो फ्रीजमध्ये. आणि मे लागला की त्र्यंबककडून डोक्यावर पाट्या घेऊन बायका करवंदं आणतात, पिकलेली काळी. त्यांचं सरबत अगदी ह्याच रीतीने, फक्त चीक असतो म्हणून मिठाच्या पाण्यात जास्त वेळ ठेवायची आणि ती आंबट, त्यांना मात्र साखर लागते. आली की इथेच सांगते.


गोदाकाठची_स्वाती
चुरून बघितले, आंबट लागले, विरघळले. बाटली वाचली. चोथा आहे काकू, फ्रीजमध्येच ठेवलाय, आज चटणी करते.

मामांचा माणूस उद्या सकाळी रिकामे क्रेट न्यायला येतोय. थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून एक बाटली आणि दोन ट्रेचे क्यूब पाठवतेय, निफाड तासाभराचं, तोवर वितळणार नाहीत. मामींना फोनवर माप सांगितलं, लिंबू त्यांच्या दारातच आहे.